बांधलेली नाव घाटावर आपटते, दोर तुटतो: मोटरबोटीच्या लाटेचा बंदोबस्त

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा आणि आमचा त्रास एकच आहे का ते ताडून बघता येईल.

सकाळी वैरण उतरवून नाव घाटाला बांधता आणि घरी येता. वारा नाही, नदीला ओढ नाही, बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असल्यामुळं पाणी तळ्यासारखं निवांत. संध्याकाळी धारेच्या आधी परत खाली उतरावं तर नावेच्या घाटाकडच्या कुशीला नवा पोचा, कडीपाशी दोराचे पेड सुटलेले आणि आत घोटाभर पाणी. कुणी हात लावलेला नसतो. आजूबाजूला विचारलं तर सगळे सांगतात, काही झालं नाही, दोन-चार बोटी गेल्या तेवढ्याच.

त्या दोन-चार बोटींचंच हे काम असतं.

आमचं गाव पंचगंगेच्या काठावर, शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या संगमाच्या वरच्या अंगाला. रान पल्याड आहे. पुलावरून वळसा घालून जायचं तर तासभर मोडतो, म्हणून वैरणीसाठी घरची पत्र्याची नाव आहे. पूर्वी या पाण्यात वल्ह्याच्या नावाच असायच्या. आता सुट्टीच्या दिवशी माणसं फिरवणाऱ्या मोटरबोटी आहेत, पावसाळ्याच्या तोंडावर पुराच्या तयारीसाठी रबरी बोटींची प्रात्यक्षिकं होतात, आणि होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी होड्यांमागून पंचांची बोट पळते. यातल्या वल्ह्याच्या होड्यांचा कधीच त्रास होत नाही. शर्यतीची होडी लांब, अरुंद आणि हलकी असते, ती पाणी कापत जाते. मागून येणारी आखूड, जड मोटरबोट मात्र पाणी ढकलत जाते.

आमच्या नावेचं असं दोन वर्षं चाललं होतं. त्यात मी काय काय चुकीचं केलं ते क्रमानं सांगतो, कारण बहुतेक लोक त्याच क्रमानं जातात.

पहिला दोर तुटला तेव्हा मी जाड दोर आणला. तो तुटला नाही, पण महिन्याभरात नावेवरची कडी वेल्डिंगसकट उपटून आली. दोर न तुटता धक्का पुढच्या कच्च्या जागेवर गेला होता, एवढाच फरक. मग मला वाटलं, नाव हलते म्हणून आपटते, तर हलूच द्यायची नाही. म्हणून पुढून-मागून आवळून घाटाच्या पायरीला चिकटवून बांधली. त्या रविवारी तर निम्मी नाव पाण्यानं भरली. आवळलेली नाव लाटेवर चढू शकत नाही. लाट वर येते, नाव दोरानं खाली धरलेली राहते आणि पाणी सरळ काठावरून आत येतं.

घाटावर एक आबा बसतात. सगळं आयुष्य तरीवर, नावेनं माणसं पल्याड उतरवण्यात गेलं त्यांचं. त्यांनी बांधलेली नाव बघितली आणि म्हणाले, "पोरा, दोराला माया ठेव की. शिंपी कापडाला ठेवतो तशी."

मी घरी येऊन दोन्ही दोर ढिले सोडले, आणि हे तिसरं चुकलं. ढिल्या दोरावर नाव आधी हातभर सरकते, वेग घेते आणि मग दोर ताठ झाला की खाडकन थांबते. पहिल्यापेक्षा मोठा हिसका. शेजारचा म्हणाला, आबांचं वय झालं. पण आबांचं खरं होतं, मलाच माया कळली नव्हती. शिवणीतली माया लोंबत नसते, ती आत दुमडून ठेवलेली असते आणि लागेल तेव्हा सोडता येते. दोराला लांबी हवी आणि ताण खाण्याची ताकद हवी, लोंबता ढिलेपणा नको. हे समजायला मला नदीकाठी बसून लाटा मोजाव्या लागल्या.

आधी लाट मोजा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक दिवस यावर घालवा, वाया जात नाही. एका बांबूवर दर ५ सेंटीमीटरला रंगाची खूण करा आणि नाव बांधता त्याच जागी तो पाण्यात रोवा. बोट जाताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि बोट पुढं गेल्यावरही निदान दोन मिनिटं चालू ठेवा. माझ्या भाच्यानं हे केलं. त्यात पहिली गोष्ट दिसली ती अशी: बोट नावेसमोरून गेली तेव्हा बांबूपाशी पाणी जवळपास शांतच होतं. बोट बरीच पुढं गेली, तिचा आवाज बारीक झाला, तेव्हा लाटा आल्या. एकामागून एक, सात-आठ. पहिल्या दोन बारीक, मधल्या तीन दांडग्या, मग उतरत्या.

याचं कारण असं. चालत्या बोटीमागं लाटा पाचरीच्या आकारात पसरतात. खोल पाण्यात या पाचरीचा कोन ठरलेला असतो, बोटीच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंश. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये हे गणितानं दाखवलं, आणि पोहणारं बदक असो की जहाज, कोन तोच राहतो. आता हिशोब करा. बोट तुमच्या नावेपासून ४० मीटरवरून गेली तर लाटेची कड तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर बोट ११० मीटरच्या वर पुढं गेलेली असते. ताशी १५ किलोमीटरनं चालली असेल तर जवळजवळ अर्धा मिनिट. म्हणून घाटावरच्या माणसाला बोट आणि आपटणं यांचा संबंध लागत नाही, आणि बोटवाल्याला तर मागं काय झालं ते दिसतच नाही. तो खोटं बोलत नसतो.

दुसरी गोष्ट बांबूवर दिसली ती लाटेच्या उंचीची. आमच्याकडं मोठी लाट खळग्यापासून माथ्यापर्यंत ३० सेंटीमीटरच्या आसपास भरली. ऐकायला थोडी वाटते. पण लाटेतली ताकद उंचीच्या वर्गानं वाढते: १५ सेंटीमीटरच्या लाटेपेक्षा ३० सेंटीमीटरच्या लाटेत चौपट जोर असतो. उलट बाजूनं बघितलं तर उंची निम्मी करता आली की तीन चतुर्थांश मार गेला.

ती उंची कमी कशानं होते? मला वाटायचं, बोटी पल्याडच्या काठानं नेल्या की झालं. त्याचा फायदा होतो, पण फार थोडा. पाचरीच्या कडेच्या लाटा अंतराबरोबर अगदी सावकाश विरतात. अंतर दुप्पट केलं तरी उंची साधारण पाचव्या हिश्श्यानंच उतरते. आपल्या पंचगंगेचं पात्र ते केवढं, त्यात अंतर वाढवून वाढवून किती वाढवणार? खरा फरक पडतो तो वेगानं.

वेगाचा घोळ

इथं थोडं थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ इथं आहे आणि याच ठिकाणी चांगल्या मनाची माणसंही चुकतात.

बोट हळू चालते तेव्हा लाटा बारीक असतात. वेग वाढत गेला की लाटेची लांबी वाढते, आणि एका वेगाला ती बोटीच्या लांबीएवढी होते. ६ मीटरच्या बोटीला हा वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच्या पुढं बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते: नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाते, बूड खाली बसतं, आणि मागं पाण्याचा डोंगर तयार होतो. यंत्राची ताकद भरपूर असेल तर आणखी वेगावर बोट पाण्यावर तरंगत पळायला लागते आणि लाट परत थोडी उतरते. सगळ्यात वाईट तो मधला टप्पा, धड हळू नाही आणि धड जोरात नाही असा.

आमच्याकडची बोट चालवणारी पोरं सभ्य आहेत. बांधलेल्या नावा दिसल्या की ती वेग कमी करायची. पण करायची घाटाच्या अगदी समोर आल्यावर. पळती बोट एकदम मंद केली की बूड खाली बसतं आणि ती नेमकी त्या मधल्या टप्प्यात येते, म्हणजे सगळ्यात मोठी लाट बरोबर आमच्या घाटासमोर सुटते. शिवाय मागून पळत आलेली लाट बोटीला गाठून पुढं जाते, ती वेगळीच. व्हिडिओत हे इतकं स्वच्छ दिसत होतं की मी तो त्या पोरांनाच दाखवला. त्यांनाही पटलं. आता ती वरच्या करंजाच्या झाडापासून, म्हणजे घाटाच्या दोनशे मीटर अलीकडंच, वेग उतरवतात. घाटासमोरून जाताना झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, ताशी ६-७ किलोमीटरनं जातात आणि तेवढंच अंतर पुढं गेल्यावर वेग घेतात. चालवणाऱ्यासाठी सोपी खूण अशी: मागं वळून बघायचं. बोटीमागच्या लाटेचा माथा पांढरा फुटत असेल तर वेग जास्त आहे.

हा वेग कुणी मनानं काढलेला नाही. लंडनच्या थेम्स नदीत, टेडिंग्टनच्या वर जिथं भरती-ओहोटी लागत नाही त्या भागात, बोटींना ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. व्हेनिसमध्ये मोटरबोटींच्या लाटांनी घरांचे पाये झिजतात, म्हणून तिथल्या कालव्यांवर वेगाचं बंधन आहे. तिथं काठावर माणसं राहतात आणि नावा बांधलेल्या असतात, तसंच आपल्याकडंही आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या नदीची. तीच बोट, तोच वेग, तरी दिवाळीपेक्षा मार्च-एप्रिलमध्ये लाटा दांडग्या का होतात? पाणी उथळ झालं म्हणून. उथळ पाण्यात लाटेला एका ठरावीक वेगापेक्षा जास्त पळता येत नाही. २ मीटर खोलीला तो ताशी १६ किलोमीटर, ३ मीटरला साडेएकोणीस. बोट त्या वेगाच्या जवळ आली की लाटा तिच्यापासून सुटू शकत नाहीत, साचत जातात, आणि पाचर पसरून जवळजवळ आडवी होते. उन्हाळ्यात उपसा सुरू झाला की एका रात्रीत पाणी वीतभर उतरतं, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून पावसाळ्यानंतर निभावलेली बांधणी उन्हाळ्यात निभावेलच असं धरू नका.

जागा बदला, निम्मं काम होतं

बोटवाले सगळेच ओळखीचे नसतात, म्हणून आपली बाजू पक्की करावी लागते. त्यात पहिली जागा.

दगडी घाट दिसायला भक्कम, पण नाव बांधायला वाईट जागा आहे. उभ्या दगडावर लाट आपटली की विरत नाही, उलटी फिरते. येणारी आणि परतणारी अशा दोन्ही मिळून भिंतीला लागून उंची जवळजवळ दुप्पट होते. पायऱ्यांचा घाट थोडी लाट खातो, पण त्याची प्रत्येक धार नावेच्या पत्र्याला टोचायला बसलेली असते. आमच्या नावेचे सगळे पोचे एका ओळीत होते, पाण्याच्या रेषेपासून चार बोटं वर, म्हणजे नेमके पायरीच्या धारेच्या उंचीला. मातीच्या उतरत्या काठावर, लव्हाळं-गवत असेल तिथं, लाट चढते, पसरते आणि जिरते. मी नाव घाटापासून तीस-चाळीस पावलं वर, मातीच्या काठाला नेली. वैरण उतरवायला घाटाला लावतो, मग तिकडं नेऊन बांधतो. रोजचे दहा मिनिटांचे कष्ट आहेत. पण दोराला हात लावण्याआधीच निम्मा त्रास कमी झाला.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला बांधू नका, तिथं बोटी काठाला घसटून जातात. आणि काठावरच्या कुणाच्या मोटरीच्या पाइपला तर कधीच नाही. आमच्याकडं एकाची नाव लाटेनं ओढली तेव्हा फूटव्हॉल्व्हसकट पाइप हलला, आणि ऐन पाण्याच्या पाळीला शेजाऱ्याचा ऊस तहानला. नाव दुरुस्त झाली, शेजार दुरुस्त व्हायला वर्ष लागलं.

बांधणी

आता माया. आधी एक हिशोब बघा. नावेवरची कडी आणि काठ यांत १ मीटरचा ताठ दोर आहे. लाटेनं नाव ३० सेंटीमीटर वर उचलली तर दोराला साधारण साडेचार सेंटीमीटर जास्तीची लांबी लागते. ती कुठून आणणार? मग कडी उपटते. तोच दोर ४ मीटरचा असेल तर तीच लाट फक्त १ सेंटीमीटरच्या आसपास मागते. आणि हा १ सेंटीमीटर चार पट लांबीत वाटला जातो. म्हणजे दोराच्या प्रत्येक वीतभर भागावर येणारा ताण जवळजवळ सोळापट कमी. आबांनी सांगितलेली माया ती हीच. दोर ढिला नव्हे, लांब.

म्हणून नाव काठाला समांतर, नाळ प्रवाहाच्या वर करून ठेवतो. नाळेपासून एक लांब दोर वरच्या अंगाला तिथल्याच दुसऱ्या एका करंजाच्या बुंध्याला, मागच्या टोकापासून दुसरा खालच्या अंगाला जमिनीत ठोकलेल्या पहारीला. दोन्ही दोर काठाला जवळजवळ समांतर, कमी चढाचे. खालून थेट वर खेचणारा दोर नको. तिसरा दोर नदीच्या बाजूला, नांगराला. हा नावेला काठापासून हातभर दूर धरतो, म्हणजे लाट आली तरी आपटायला काही जवळ नाही. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट ठेवा: ३ मीटर पाण्याला १५ मीटर. आखूड ठेवला तर नांगर रुतण्याऐवजी उचलला जातो.

दोर कोणता, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. नायलॉनचा. तो ताणतो आणि परत येतो, हिसका पोटात घेतो. भिजल्यावर त्याची ताकद थोडी उतरते, म्हणून एक माप जाड घ्या. बाजारात स्वस्त मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर उन्हानं कुसकरतो. हातावर घासून बघा, बारीक कुसळं टोचायला लागली की त्याचं आयुष्य संपत आलं. आणि तो पाण्यावर तरंगतो. नदीच्या बाजूला तरंगता दोर सोडणं म्हणजे जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात तो अडकवून घेणं. नायलॉन बुडतो. त्यातून नांगराच्या दोराच्या मध्याला मी पाच किलोचं जुनं लोखंडी वजन टांगलंय. नाव शांत असते तेव्हा वजन दोराला खाली ओढून ठेवतं, लाट आली की आधी वजन उचललं जातं, मग नांगरावर ताण येतो.

काठाकडच्या दोन्ही दोरांना ट्यूब आहे. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं दोराला आवळून बांधायची आणि त्या दोन गाठींच्या मधला दोर ट्यूबपेक्षा वीत-दीड वीत लांब सोडायचा. शांत वेळी ट्यूब नावेला धरून ठेवते, नाव वेग घेत नाही. लाट आली की ट्यूब ताणते आणि नाव अलगद थांबते. ट्यूब तुटलीच तर मधला दोर आहेच. मी पहिल्यांदा बांधली त्या रविवारी काठावर बसून बघत होतो. मोठ्या लाटेला ट्यूब बोटाएवढी बारीक होऊन लांबली, नाव दोरावर झुलली आणि परत जागेवर आली. खाडकन आवाज आला नाही. दोन वर्षं त्या आवाजाची सवय झाली होती, तो आला नाही तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. दोर जिथं कडीला किंवा पत्र्याच्या काठाला घासतो तिथं जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा ओवून घ्या. गाठींनी दोराची ताकद बरीच कमी होते, तुटलेल्या दोराला गाठ मारून परत वापरू नका. कडी नुसती काठाला वेल्ड करू नका, आतून हाताएवढी पट्टी टाकून नट-बोल्टनं बसवा. दोन्ही कुशींना स्कूटरचे टायर टांगा, पाण्याच्या रेषेला टेकतील असे, आणि टायरला खालून भोक पाडा, नाहीतर आत पाणी साचून डास होतात. नावेतलं पाणी रोज उपसा. तळात घोटाभर पाणी असलं की नाव कलेल तिकडं ते सगळं धावतं आणि तिला आणखी कलवतं, मग साधी लाटही आत येते.

पाण्याची पातळी बदलते तेव्हा सगळं परत जुळवावं लागतं. बरगे काढले की पाणी उतरतं आणि आखूड दोरावरची नाव काठाला लटकते. वर पाऊस होऊन राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी चढतं आणि तीच नाव दोरानं बुडवली जाते. लांब दोर इथंही कामाला येतो, पण नजर ठेवावीच लागते.

पुरातलं वेगळं

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका. तिथवर वाट बघू नका. पाणी पात्राबाहेर पडायच्या आधी नाव वर ओढून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांच्या नावा गावात होत्या, त्यांच्या नावा लोकांच्या कामाला आल्या.

पण गल्लीत पाणी आलं की लाटेचा प्रश्न दसपट होतो, आणि त्यावर कुणी बोलत नाही. दोन्ही बाजूंना भिंती, पाणी छातीएवढं, त्यातून मोटरची बोट जोरात गेली की लाट या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरत राहते, जिरायला काठच नाही. तीन दिवस भिजलेल्या मातीच्या भिंतीला तो मार सोसत नाही. २०१९ ला आमच्या शेजारच्या गल्लीत बोट गेल्यावर एका घराची मागची भिंत बसली. घर आधीच रिकामं केलं होतं म्हणून निभावलं. वाचवायला आलेली माणसं जिवावर उदार होऊन आली होती, त्यांना बोल लावायचा नाही. पण गल्लीत शिरताना मोटर अगदी मंद ठेवा, जमलं तर बंद करून बांबूनं रेटा, हे त्यांना गावातल्या माणसानंच सांगायला हवं, कारण कुठली भिंत मातीची आहे हे त्यालाच माहीत असतं. आमच्या गावात आता प्रात्यक्षिकाच्या दिवशीच तरुण मंडळाची दोन पोरं बोटीत बसतात आणि गल्ल्या दाखवतात.

पुरात नाव बांधायची तर विजेच्या खांबाला कधीच नाही. पक्क्या घराच्या खांबाला, दोर लांब आणि दोराचा फास खांबावर वर-खाली सरकेल असा सैल. पाणी रात्रीत चढलं तर फासही चढतो.

मोठी जहाजं जिथं आहेत तिथं

माझा मेहुणा गोव्यात असतो, मांडवीच्या काठाला. मी त्याला ही सगळी बांधणी फोनवर सांगितली तर तो म्हणाला, दाजी, आमच्याकडं हे पुरं पडायचं नाही. तिथं खनिज वाहणारे बार्ज चालतात, आणि मांडवी-झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यासारख्या अरुंद पाण्यात त्यांची करामत वेगळी असते. भरलेलं जड जहाज अरुंद पात्रातून जातं तेव्हा त्याच्या अंगानं पाणी उलट दिशेला पळतं आणि काठाची पातळी आधी खाली जाते. काठावरची होडी क्षणभर चिखलात बसते, जहाजाकडं ओढली जाते, आणि जहाज पुढं गेलं की सगळं पाणी एकदम परत येतं. तिथं लाट उंच नसतेच, पण ओढ लांबलचक आणि दांडगी असते. अशा ठिकाणी पुढं-मागं जाणारी ओढ आधी रोखावी लागते: नाळेपासून मागं आणि मागच्या टोकापासून पुढं असे आणखी दोन तिरके दोर, सगळे सारख्या ताणाचे, आणि नाव उथळ चिखलावर न ठेवता थोड्या खोल पाण्यात. तुमची नाव आपटण्याआधी पाणी ओसरत असेल तर तुमचा त्रास या जातीचा आहे, आमच्या जातीचा नाही. बांबूवरच्या खुणा बघा, पहिली हालचाल खाली झाली की वर, तेवढ्यावरून कळतं.

आमच्या नावेला आता दोन उन्हाळे झाले. नवा पोचा नाही, कडी जागेवर आहे. एक गोष्ट अजून त्रास देते: ट्यूबच्या गाठीपाशी दोर वर्षाच्या आत मऊ पडतो. म्हणून दर दिवाळीला दोर उलटा करतो, करंजाकडचं टोक नावेला आणि नावेचं करंजाला, आणि गाठी वीतभर सरकवून बांधतो. ट्यूब दर वर्षी नवी. पंक्चरवाला जुन्या ट्यूब फुकट देतो, फक्त चिकटवलेली नको म्हणून सांगा, ती जोडावर फाटते.